रापणीतला वाटा

देवबाग
११ नोव्हेंबर २०२४

डॉक्टरांनू,

हात जोडून नमस्कार. तुम्हाला फोनवर आता ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहायला माझी बोटं जाड, म्हणून हा कागद. चंदनचा मासळीचा टेम्पो पहाटे गोव्याला जातो, तो बांद्याला तुमच्या फाटकात टाकील. वास आला तर तो बांगड्याचा समजा, माझा नव्हे.

थट्टा करतोय म्हणजे बरा आहे असं समजू नका. थट्टा केली नाही तर पुढची ओळ लिहवत नाही.

गेल्या मंगळवारी आमचा बाबली गेला. रापणीचं जाळं किनाऱ्याला ओढताना छातीत कळ आली. आरोहीने जे करायचं ते सगळं केलं. आरोही म्हणजे माझी भाची, विमलाची मुलगी, बारावीला तुम्ही जिला पुस्तकं दिली होतीत ती. वाळूत गुडघ्यावर बसून तिने त्याची छाती दाबली, सुई दिली, चंदनच्या टेम्पोत घालून मालवणला निघाली. तारकर्ली मागे पडायच्या आत बाबली गेला. गावात आता एकच वाक्य फिरतंय : सुई दिली आणि माणूस मेला. बाबलीच्या मुलाने, सुदेशने, तसा अर्जच ठाण्यात दिलाय.

पोलिसांचं बोलावणं आलं तेव्हा आरोही मला म्हणाली, "मामा, डॉक्टर मंडळाचो वकील आसता मां? माझो सभासद नंबर काय?"

डॉक्टरांनू, तिला नंबरच नाही.

चूक माझी. गेल्या वर्षी दिवाळीत मी तिला मालवणला मंडळाच्या बैठकीत घेऊन आलो. नवी कोरी डिग्री, नवी साडी. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ही आता आपली." तेव्हापासून ती राबते आहे. रविवारची पाळी तिची, शाळेतली तपासणी तिची, जत्रेतलं शिबिर तिचं. कौस्तुभ डॉक्टर मेव्हण्याच्या लग्नाला गेले तर त्यांच्या दवाखान्यात ती बसली. मी म्हटलं, झालं! आमच्या रापणीत अर्ज कोण करतो? जाळं पाण्यात पडलं, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आल्या, की जो येऊन दोरीला हात लावील तो वाटेकरी. परगावचा पाहुणा असला तरी त्याचा वाटा वाळूवर वेगळा मांडतात. तुमचंही तसंच असणार असं मी धरून चाललो आणि तिला सांगून टाकलं, "तुझा नाव लागला गो."

आता तुमच्या चिटणीस किशोरीबाई म्हणतात, अर्जच आला नाही तर सभासद कुठून होणार? आणि तक्रार झाल्यावर नवा अर्ज घेता येईल की नाही, तेही सांगता येत नाही.

तुम्ही मंडळाचे जुने अध्यक्ष. तुमचा शब्द कोणी खाली पडू देणार नाही. तिला गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून सभासद करा. मागची तारीख घाला. एका तारखेने कोणाचं काय जातं? पोरीचं सगळं जातंय.

हे पत्र लिहिताना ती इथे नाही. तिला कळू देऊ नका.

तुमचा
गुणाजी

बांदा
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुणाजी,

पत्र मिळालं, वासासकट.

बाबली मला आठवतो. तुझ्या होडीतून मी देवबागला येत असे तेव्हा हा पोरगा पाण्यात उतरून होडी धरायचा आणि माझी बॅग डोक्यावर घेऊन माझ्याआधी किनाऱ्याला लागायचा. त्याच्या घरच्यांना काय लिहावं ते सुचत नाही.

तारीख मागे घालणार नाही. रागावू नकोस, नीट वाच. उद्या चौकशीत कोणी विचारलं की ही सभासद होती तर पावती कुठे, त्या महिन्याच्या बैठकीत नाव कुठे, तर मंडळ तोंडावर पडेल ते पडेल, पण आरोही खोटी ठरेल. आज तिच्याकडे एकच गोष्ट धड आहे, ती म्हणजे तिने केलं ते खरं सांगता येतं. ती मी मोडणार नाही.

आजच्या तारखेने तिचं नाव सुचवायला मी तयार आहे. पण समितीत लोक चाचरतील. त्यांना मी काय सांगू? तुझ्या पत्रात सुई आहे, टेम्पो आहे, तारकर्ली आहे. कळ आली तिथपासून सुई दिली तिथपर्यंत काय झालं, ते नाही. बाबली बसला का, चालला का, तिने काय सांगितलं, त्याने काय ऐकलं? तेव्हा किनाऱ्यावर कोण कोण होतं?

आणि आरोही स्वतः का लिहीत नाही?

तुझा
गुरुप्रसाद

देवबाग
१८ नोव्हेंबर २०२४

डॉक्टरांनू,

किनाऱ्यावर कोण होतं ते विचारून काय करायचं? रापण होती. मासेमारांचा आमचा सगळा वाडा होता.

तुम्हाला इथलं सांगतो, मग नियम सांगा. आमच्या पुढच्या खोलीतला आरोहीचा दवाखाना बंद आहे. पाटी मीच उतरवली, कारण तिच्यावर कोणी शेण मारून गेलं. विमला टोपली घेऊन बाजारात बसते. बायका येतात, मासळीला हात लावतात, तोंड बघतात आणि पुढच्या टोपलीकडे जातात. काल तिने उरलेले बांगडे तसेच परत आणले आणि चुलीपुढे बसून साफ करत राहिली. खाणारं कोणी नव्हतं. आरोही जेवत नाही. जेवली तर माझ्याकडे बघत नाही.

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. दोन बाजारांच्या पलीकडे कोण काय बोललं ते मला ऐकू येतं, त्यावरच मी दोरी ओढणाऱ्याचा चार होड्यांचा मालक झालो. परवा मालवणच्या धक्क्यावर चहा पीत होतो. मागच्या बाकावर तुमचे दोन डॉक्टर. एक म्हणाला, "आता घेतली तर उद्या आपल्यालाच ठाण्यात खेपा." दुसरा म्हणाला, "पोरगी चांगली आहे, पण वेळ चुकली." चहा तसाच ठेवून उठलो. रविवारी पाळीला पाठवायची तेव्हा वेळ बरोबर होती?

आणखी एक ऐका. त्या दिवशी ती फोन लावत होती. एक हात बाबलीच्या नाडीवर, दुसऱ्या हातात फोन. ज्यांच्या पाळ्या तिने केल्या त्या एकेकाला लावला. कोणी उचलला नाही. तुमच्या त्या ग्रुपवर जे आहेत त्यांचे फोन तुम्ही लोक उचलता. हिचा नंबर कोणाकडे नव्हता. अनोळखी नंबर, म्हणून वाजू दिला.

स्पष्ट लिहितो. आम्ही दर्यावरची माणसं. मासळी विकणारीची मुलगी तुमच्या खुर्च्यांत बसायला आली, ते तुमच्यातल्या कोणाला तरी खुपतंय. तुम्हाला नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही नियमाच्या आड उभे राहून त्यांना वाट करून देताय.

पोरगी चालली आहे डॉक्टरांनू. गोव्यात एका मोठ्या हॉस्पिटलात जागा आहे म्हणते. गेली तर परत येणार नाही, आणि मग इथे कोणाच्या छातीत कळ आली तर बघायला मी आणि समुद्र.

एक तारीख मागतोय. दुसरं काही नाही.

गुणाजी

देवबाग
२२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय डॉक्टरकाका,

तुमचं पंधरा तारखेचं पत्र चंदनने चुकून माझ्या हातात दिलं; वाचून मी ते पुन्हा बंद करून मामासाठी ठेवलं. मामाने तुमच्याकडे मागची तारीख मागितली होती, हे मला त्यावरून कळलं. तुम्ही नाही म्हणालात त्याबद्दल आभार. होय म्हणाला असतात तर मला तुमच्या तोंडाकडे बघता आलं नसतं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पोलिसांना लिहून दिलं आहे तेच.

मी किनाऱ्यावरून येत होते. रापण अर्धी आत आली होती. बाबलीकाका डाव्या दोरीवर होते. त्यांचा चेहरा राखेसारखा दिसला. हात धरला तर थंड आणि घामाने भिजलेला. डावा हात दुखतो म्हणाले, जबड्यापर्यंत. मी तिथेच त्यांना गोळी चावायला लावली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता मालवणला जायचं. ते हसले. "रापण येंवदे गो डॉक्टरणी, मगे येतंय. दोरी सोडलंय तर जाळा वाकडा जाता." मी परत सांगितलं, ओरडून सांगितलं. रापणीतल्या कोणी त्यांना सोडलं नाही. मी त्यांच्या हातातून दोरी ओढायला हवी होती. ती ओढली नाही. जाळं वाळूला टेकलं आणि ते पडले. सुई त्यानंतरची. लोकांनी सुई पाहिली. गोळी कोणी पाहिली नाही, किंवा पाहिली असली तर आठवत नाही म्हणतात.

माझं चुकलं का हे मी रोज स्वतःला विचारते. औषध चुकलं नाही. दोरीशी हरले.

सभासद व्हायचा हट्ट मी वकिलासाठी धरला नव्हता. कॉलेजात असताना काही अडलं तर वरच्या मजल्यावर कोणीतरी असायचं. इथे वरचा मजला नाही. मला वाटलं, मंडळ म्हणजे तो मजला. त्या दिवशी मी पाच फोन लावले. सहावा तुम्हाला लावला. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. तरी लावला. कुठेतरी एका ओळखीच्या घरात घंटी वाजते आहे, एवढंच हवं होतं.

डिसेंबरात गोव्याला रुजू व्हायचं आहे. माझं नाव सुचवू नका. आईला बाजारात बसू देतील, मी गेले की.

आरोही

बांदा
२४ नोव्हेंबर २०२४

गुणाजी,

आरोहीने मला लिहिलं. काय लिहिलं ते तू तिला विचारू नकोस. तिने न लिहिलेलं तेवढं मी तुला विचारतो.

ती लिहिते, बाबलीला जायला सांगितलं, तो गेला नाही, आणि "रापणीतल्या कोणी त्यांना सोडलं नाही". सरळ मुलगी आहे, एरवी प्रत्येकाचं नाव घेते. इथे मात्र "कोणी". मी तुमच्या रापणी पाहिल्या आहेत, वाळूवर बसून तुमच्यातला वाटाही खाल्ला आहे. रापणीत कोणी सोडत नसतं आणि कोणी धरत नसतं. एकच माणूस बोलतो. तांडेल ओढा म्हणाला की ओढतात, थांबा म्हणाला की थांबतात. बाकी साठ माणसांना त्या वेळी तोंड नसतं.

आणि देवबागच्या तुमच्या वाड्याचा तांडेल गेली वीस वर्षं कोण आहे, ते मला कोणी सांगायला नको.

तू मला चार पानं लिहिलीस. धक्क्यावरच्या चहापासून चुलीवरच्या बांगड्यापर्यंत सगळं आहे. तुझ्या इतक्या तिखट कानांनी त्या दिवशी तिने ओरडून सांगितलेलं ऐकलं नाही, असं मी मानत नाही. त्यावर तू काय म्हणालास ते मला नको सांगूस. मी बहिरा माणूस, माझ्याकडे सांगून उपयोग नाही. जिथे सांगायचं तिथे सांग.

दर्यावरच्यांबद्दल लिहिलंस. तसा विचार करणारा आमच्यात एकही नाही असं मी म्हणणार नाही. पण ती मुलगी आज जी एकटी पडली आहे ती आमच्या खुर्च्यांमुळे थोडी आणि तुमच्या दोरीमुळे जास्त. तिने सांगितलं होतं, हे म्हणणारा एक माणूस उभा राहिला तर सुदेशचा अर्ज आणि माझ्या समितीचं चाचरणं, दोन्ही तिथेच संपतं. साठ माणसं होती. एकही नाही, कारण जो बोलेल त्याला आधी हे सांगावं लागेल की तेव्हा माझाही हात दोरीवर होता.

बैठक आठ डिसेंबरला आहे. तिने नको म्हटलं तरी मी तिचं नाव सुचवणार आहे.

गुरुप्रसाद

देवबाग
१ डिसेंबर २०२४

डॉक्टरांनू,

तुमचं पत्र वाचलं आणि फाडलं. मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं. शिव्या दिल्या, त्या तुम्हाला पोचल्या नसतील, चंदनला पोचल्या.

चार दिवस काही केलं नाही. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला घेऊन गेलो. डॉल्फिन आले, पाहुणे ओरडले, मला काही दिसलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की बाबलीने पोरीकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंडाने काही विचारलं नाही. आणि मी म्हटलं, "येंवदे रे, वायच दम धर." जाळ्यात बांगडा भरलेला दिसत होता, पाणी काळं झालं होतं. इतका बांगडा आम्ही चार वर्षांत पाहिला नव्हता. "वायच दम धर." मी म्हटलं म्हणून तो थांबला. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं त्याने ऐकलं नसतं.

काल बाबलीच्या घरी गेलो. जानकी, त्याची बायको, घरापुढच्या खळ्यात बसली होती. सुदेश जाळं दुरुस्त करत होता. चहा विचारला नाही. बरोबरच आहे. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सांगताना वाटलं, हा आता सुरी घेऊन उठेल. उठला असता तर बरं वाटलं असतं.

सुदेशने मान वर केली नाही. म्हणाला, "माका म्हायत आसा. तुमी म्हटल्यात तेवां मी बाबाच्या पाठसूनच होतंय. माझ्या हातात तीच दोरी."

मी म्हटलं, "मगे अर्ज कित्याक केलंस रे, तिच्या नावान?"

"कोणाच्या नावान करतलंय? माझ्या? दोष सुयेर घातलंय, म्हटलंय रातीचो डोळो तरी लागात. तोय लागणा नाय."

जानकीच बोलली शेवटी. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "दोगांय जावा. आजच जावा. उद्या तुमका दुसरा काय तरी सुचात." मग आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, इतका हळू की तो फक्त माझ्याच कानांना ऐकू यावा, "तेका रापण म्हणजे जीव होतो. माझा आयकलो नसतो. तुमचा आयकलो असतो."

हे वाक्य मी मरेपर्यंत ऐकणार आहे.

गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी माझं लिहून घेतलं, सुदेशचं लिहून घेतलं. साहेब म्हणाले, प्रकरण डॉक्टरांच्या चौकशीला जाईल, पण आता त्यात काही उरेल असं दिसत नाही. आमच्यामागे वाड्यातली आणखी माणसं आली. रात्रीपर्यंत ठाण्यात बसायला जागा नव्हती. सगळे एकच सांगत होते : ती ओरडली होती. साठ जणांना एकदम आठवण आली.

तांडेलकी मी सोडली. वाड्याने सुदेशला दिली. मी आता दोरीच्या शेपटाला, जिथे शाळेतली पोरं असतात तिथे.

आरोही अजून माझ्याशी बोलत नाही. बॅग भरून ठेवली आहे. तुम्ही तुमचं करा. तारीख कुठली घालायची ते मी आता विचारत नाही.

गुणाजी

बांदा
९ डिसेंबर २०२४

चि. आरोही,

तू नको म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. माझं हल्ली असंच होतं.

काल बैठक झाली. मी तुझं नाव सुचवलं आणि तुझ्या मामाने व सुदेशने ठाण्यात काय सांगितलं ते वाचून दाखवलं. मला ऐकू येत नसल्याने सगळ्यांना माझ्याकडे तोंड करून बोलावं लागतं. त्यामुळे आमच्या बैठकीत खोटं बोलणं अलीकडे अवघड झालं आहे.

कौस्तुभ म्हणाला, "चौकशी संपू दे, मग बघू. कशाला ओढवून घ्यायचं?" मी त्याला विचारलं, "लग्नाला गेलास तेव्हा तुझा दवाखाना तिने ओढला, तेव्हा तिचा अर्ज कुठे आहे असं विचारलं होतंस?" तो लाल झाला. मग किशोरीने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तिने आपला फोन काढला, त्या तारखेचा तुझा न उचललेला फोन दाखवला आणि टेबलावर ठेवला. शेजारच्याने आपला काढला. एकामागून एक पाच फोन टेबलावर आले. पाचवा कौस्तुभचा.

किशोरीने अनुमोदन दिलं. हात सगळ्यांचे वर झाले. कौस्तुभचा सगळ्यांत शेवटी, पण कोपरापासून नाही, खांद्यापासून.

तुझं सभासदत्व आठ डिसेंबरपासून. एकही दिवस मागे नाही. म्हणून या प्रकरणात मंडळाचा वकील तुला मिळणार नाही, हे तुला आधीच सांगतो. चौकशीला किशोरी तुझ्यासोबत स्वतःच्या पायांनी येणार आहे, ते मंडळाचं काम नाही, तिचं आहे. तुझा नंबर आता सगळ्यांकडे आहे, नावासकट.

राहिला माझा फोन. माझी नात नम्रता हुशार आहे. तिने असं करून दिलं आहे की तुझं नाव आलं की फोनच्या पाठीचा दिवा उघडमीट करतो. मी उचलीन. मला ऐकू येणार नाही, पण जो कोणी शेजारी असेल त्याच्या कानाला लावीन, आणि तो मला कागदावर लिहून देईल. वेळ लागेल, पण आता या घरात तुझी घंटी नुसती वाजत राहणार नाही.

गोव्याला जायचं तर जा. चांगली जागा आहे. जाताना वाटेत बांदा लागतं. मी तुला थांब म्हणणार नाही. ते म्हणण्याचा अधिकार असलाच तर तुझ्या गावाला आहे, आणि त्यांनी तो आधी वापरायला हवा होता.

तुझा
डॉक्टरकाका

देवबाग
१७ फेब्रुवारी २०२५

डॉक्टरांनू,

बरेच दिवसांनी लिहितोय. चौकशीतून आरोहीचं नाव सुटलं ते किशोरीबाईंनी कळवलं असेलच. भरलेली बॅग तशीच कोपऱ्यात होती. ती कधी रिकामी झाली ते मला कळलं नाही, पण पंधरवड्यापूर्वी विमला तिच्यात सुकी मासळी भरून पुण्याला पाठवत होती, तेव्हा मी काही विचारलं नाही. पाटी मी पुन्हा लावली. माझ्याशी ती बोलते, कामापुरतं. आज मात्र जरा जास्त बोलली, ते सांगायला हा कागद.

सकाळी रापण लागली. तांडेल सुदेश. मी शेपटाला, पोरांच्यात. पाणी काळं झालेलं, बाबली गेला त्या दिवसासारखं. सुदेश ओरडत होता, आम्ही ओढत होतो. आणि माझ्या छातीत कळ आली.

खोटं कशाला सांगू, मी ओठ दाबले. पोरं बाजूला, बांगडा समोर. आरोही वरच्या वाटेने दवाखान्यात चालली होती. कुठून बघितलं तिने कोण जाणे.

"मामा, घाम कित्याक?"

"उन्हाचो."

"फेब्रुवारीत? सकाळच्या पारी? सोड ती दोरी."

आणि माझ्या तोंडातून गेलं, "येंवदे गो, वायच—"

पुढचा शब्द निघाला नाही. पण निघाला तेवढा सगळ्यांनी ऐकला. दोरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. आरोहीने दोरीला हात घातला आणि माझी बोटं एकेक करून सोडवायला लागली. ती रडत नव्हती, पण बोटं मोडतील इतकं ओढत होती.

मागून सुदेशचा आवाज आला. "सोडा!"

कोणाला कळलं नाही. तांडेल असं कधी म्हणत नाही. तो पुन्हा ओरडला, "सोडा म्हणतंय मां! सगळ्यांनी सोडा!"

सोडली. दोन्ही दोऱ्या वाळूवरून सापासारख्या पाण्यात गेल्या. जाळं वाकडं झालं, पाणी चकाकलं आणि सगळा बांगडा बाहेर. मी डोळ्यांनी बघितला जाताना.

मला सुदेशने पाठीवर घेतलं. आरोही धावता धावता फोन लावत होती. माझे कान तिथेही होते. एकच घंटी वाजली आणि पलीकडून किशोरीबाईंचा आवाज, "बोल आरोही." एवढंच. पोरगी अर्धं मिनिट बोलूच शकली नाही. बाई म्हणाल्या, "मी आहे, सावकाश बोल." तुमचाही दिवा लागला असणार. तिने दुसरा फोन तुम्हालाच लावला होता.

मालवणला कौस्तुभ डॉक्टर दारात उभे होते. पट्ट्या लावल्या, कागद काढला, पुन्हा काढला, रक्त घेतलं, दुपारपर्यंत झोपवून ठेवलं. मग विचारलं, "रात्री काय जेवलात?"

"काळ्या वाटाण्याचा सांबारा."

"किती?"

"विमलाच्या हातचा होता, साहेब."

गॅस, डॉक्टरांनू. नुसता गॅस. तिथेच एक ढेकर आला, तो बहुधा तुम्हालाही ऐकू आला असेल.

परत येताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षांत दुसऱ्यांदाच आलेला तेवढा बांगडा, सगळ्या वाड्याचा, माझ्या एका ढेकरापायी गेला. आरोही गाडीत शेजारी बसली होती. म्हटलं, "गो, गावाक काय सांगतलंय?" तिने माझा हात धरून ठेवला होता, नाडीवर बोट. ती म्हणाली, "गॅस म्हणान सांग."

किनाऱ्यावर उतरलो तर सगळा वाडा तिथेच. कोणी घरी गेलं नव्हतं. जानकीसुद्धा होती. सुदेश पुढे आला. "काय झाला?"

"गॅस."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "एका ढेकराक अख्खी रापण!" आणि जे हसायला लागले ते थांबेनात. जानकी पदर तोंडात धरून हसत होती आणि रडतही होती. आरोही वाळूत बसली आणि पहिल्यांदा, त्या नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा, मोठ्याने हसली.

वाटा करायला आज काहीच नव्हतं. जाळं रिकामं पडलं होतं, टोपल्या उपड्या. तरी वाटे मांडून होईपर्यंत आमची माणसं जशी गोल करून वाळूत बसून राहतात, तशीच ती बसून होती, माझी गाडी परत येईपर्यंत.

गुणाजी